दोघांचा दाब

१

आमची मशीन म्हणजे म्हैस. नाव ह्यांनीच ठेवलेलं. काळी, बुटकी, आडव्या अंगाची, सकाळी तेल पाजलं नाही तर दिवसभर कुरकुरणारी. साध्या मशीनवर शर्ट आणि पडदे होतात, हिच्यावर आम्ही पंचिंग बॅगा शिवतो, म्हणजे व्यायामशाळेत छताला टांगून ठोसे मारायच्या त्या चामडी बॅगा. दोन पदरी जाड चामडं, मधे कॅनव्हास आणि दोऱ्याच्या नावाखाली जवळजवळ सुतळीच. "आपल्या मालाइतका मार जगात कोणी खात नाही," हे म्हणायचे, "आणि तरी आजवर एकाही बॅगेने तक्रार केलेली नाही."

हे काम दोघांचं. मी अलीकडे बाकावर बसून चामडं सुईखाली सारायचं, ह्यांनी पलीकडे उभं राहून शिवलेला भाग अलगद उचलून धरायचा, आणि शिवण संपत आली की चामड्याला बारीकसा हिसका द्यायचा. म्हणजे मी पायाखालचं पेडल सोडायचं. इतकी वर्षं आम्ही असं शिवलं की आमची निम्मी बोलणी त्या हिसक्यातच व्हायची. भांडण झालेलं असलं की हिसका जरा जोरात यायचा.

सुईच्या दोन्ही बाजूंनी चामडं दाबून धरणारा लोखंडी पाय असतो, त्याला आम्ही फूट म्हणतो. त्याचा दाब मशीनच्या डोक्यावरच्या स्क्रूने कमीजास्त होतो. पलीकडे माणूस असेल तर हलका दाब पुरतो. एकट्याने शिवायचं तर शिवलेलं चामडं टेबलामागे लोंबतं, त्याच्या वजनाने टाके वेडेवाकडे पडतात, सुई मोडते. मग स्क्रू आवळायचा आणि फूटने चामडं घट्ट धरायचं. शिवण सरळ येते, पण चामड्यावर फूटचे वळ उठतात ते उठतातच. लेकीच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने त्या स्क्रूपाशी लावून दिले होते. लाल ठिपका दोघांचा, निळा एकट्याचा.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, माणूस राहिला. त्या दिवसापासून मी दिसेल त्याचे आभार मानत सुटले आहे. डॉक्टरांचे मानले, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचे मानले, हॉस्पिटलच्या लिफ्टचेसुद्धा मानले, कारण एरवी बंद असणारी ती लिफ्ट नेमकी त्या दिवशी चालू होती. "आई, तू लिफ्टला थँक्यू म्हणालीस, लोक बघत होते," लेक म्हणाली. बघू देत. माझा नवरा आतल्या खोलीत श्वास घेतोय. मधलं दार मी उघडं ठेवते, मशीनवर बसलं की पलंगावरची त्यांची पावलं दिसतात, आणि त्या पावलांकडे बघत मी शिवते.

२

एक दिवस दोरा तुटायला लागला म्हणून मिस्त्रीला बोलावलं. माझे केस काळे होते तेव्हापासून तो आमच्या मशीनचं बघतोय.

"काय वहिनी, म्हशीने दूध बंद केलं का?" दारातूनच त्याने विचारलं. आत जाऊन ह्यांच्या पायांना हात लावून आला, डोळे पुसले, आणि मग पिशवीतली हत्यारं काढून कामाला लागला. दोऱ्याचं दुखणं किरकोळ निघालं. झाकण लावता लावता तो थबकला.

"हा स्क्रू कोणी हलवला?"

"कोणी नाही."

"तेच म्हणतोय मी. कोणीच हलवला नाही. लाल ठिपक्यावर आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांना झटका आला त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी शेवटची बॅग शिवली होती. त्यानंतरच्या धावपळीत, औषधांच्या वेळा सांभाळताना, निळ्या ठिपक्यावर स्क्रू आवळायचा असतो हे मी साफ विसरले. मी एकटी आहे हेच विसरले म्हणा ना.

"मग दादा पडल्यापासून तुम्ही शिवताय काय?"

"बॅगाच शिवतेय की. हा काय ढीग."

त्याने ढिगातला एक तयार पट्टा उचलला, उजेडाकडे धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला. टाके दोरी लावल्यासारखे सरळ. वळ औषधालाही नाही.

"पलीकडे कोण धरतं? ताई?"

"ती नोकरीवर जाते. संध्याकाळी येते."

मिस्त्रीने मला बाजूला केलं. स्वतः बाकावर बसला, एक पट्टा घेतला आणि पेडल दाबलं. चामडं टेबलामागे घसरलं, लोंबलं, शिवण तिरकी गेली आणि टणकन सुई मोडली. त्याने नवी सुई लावली. "आता तुम्ही बसा."

मी बसले. म्हैस गुरगुरत निघाली आणि शिवण सरळ आली. मिस्त्री बाजूला उभा राहून बघत होता. मग वाकून टेबलाच्या मागच्या कडेकडे बघू लागला. मला वाटलं, चामडं पुढे सरकवणारे खालचे दात तपासतोय. सरळ उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"स्क्रू आवळून देऊ?" त्याने विचारलं. या माणसाने मशीनच्या बाबतीत मला आजवर कधी काही विचारलेलं नाही, तो सांगतो आणि आम्ही ऐकतो. "नाहीतर राहू दे. तुम्ही म्हणाल तसं."

स्क्रू लाल ठिपक्यावर तसाच ठेवून, चहा ओठाला न लावता तो गेला. तेलाची कुपी इथेच राहिली. संध्याकाळी लेकीने फोन केला तर म्हणाला, राहू दे तिकडेच, माझ्याकडे दुसरी आहे.

३

मी काही खुळी नाही. आधी मी टेबल पुसलं आणि पाणी ओतून बघितलं की ते एका बाजूला उतरतं का. उतरत नव्हतं. मग चामड्याचा नवा गठ्ठा वजनाला हलका आहे का ते हातात तोलून पाहिलं. नेहमीपेक्षा जडच निघाला. शेवटी मनाची समजूत घातली की माझेच हात आता इतके तयार झालेत की वजन त्यांना कळत नाही. ही समजूत मला आवडली, कारण तिच्यात माझं कौतुक होतं.

मग मी पट्टा शिवायला घेतला आणि पहिल्यांदाच सुईकडे न बघता सुईच्या पलीकडे बघितलं. पलीकडे खिडकी, भिंतीला टेकवलेल्या चामड्याच्या गुंडाळ्या, आणि मधे मोकळी जागा. ह्यांची उभं राहायची जागा. शिवलेलं चामडं टेबलाच्या कडेवरून पुढे गेलं. तिथे त्याने मान टाकायला हवी होती. ते टेबलाच्या पातळीत तसंच आडवं पुढे जात राहिलं, हवेत, अगदी सावकाश. त्याच्या टोकाला दोन्हीकडे बारीक खळ्या पडल्या होत्या, जाड चामडं बोटांनी घट्ट धरलं की पडतात तशा.

माझा पाय पेडलवरच होता. काढायचं सुचलं नाही. शिवण संपत आली आणि चामड्याला बारीकसा हिसका बसला.

मी तोंडावर पदर धरून रडले. भीती वाटली का विचाराल तर, वाटली. पण त्या भीतीच्या दुप्पट मला आनंद झाला. ज्या माणसाला कूस बदलायला मी लागते, तो माणूस रोज इथे येऊन माझ्यासाठी उभा राहत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी आत जाऊन बघितलं. हे झोपले होते. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, कळलं बरं का मला."

त्या दिवसापासून मी शिवताना बोलायला लागले. अहो, जरा वर धरा. अहो, हा पट्टा आखूड आहे, सावकाश. अहो, लेकीला आज पगारवाढ मिळाली. उत्तर यायचं नाही, पण शिवणीच्या शेवटी हिसका न चुकता यायचा, आणि जरा मन लावून अनुभवलं तर प्रत्येक हिसका वेगळा असायचा. माझ्यासारखी सुखी बाई त्या दिवसांत शोधून सापडली नसती.

४

ह्यांचा व्यायाम घ्यायला एक बाई येते. मोकळी, हसरी, ह्यांना 'काका' म्हणते. ती ह्यांच्या डाव्या हातात, म्हणजे चांगल्या हातात, रबराचा चेंडू देते आणि दाबायला लावते. एकदा जाताना ती दारात घोटाळली.

"मावशी, काका दिवसभर काही करतात का? म्हणजे उठायचा प्रयत्न वगैरे?"

"ते कसले उठतायत."

"नाही, चांगल्या हातातला जोर कमी होतोय म्हणून विचारलं. आजारी हाताचं मी समजू शकते. पण हा हात कष्ट करून आल्यासारखा थकलेला असतो."

मी हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य डोक्यातून निघेना. मग मी ह्यांच्याकडे नीट बघायला लागले. मोठं काम झालं त्या दिवशी ह्यांचे गाल आत गेलेले असत. भरवलं तर घास तोंडातच राही. मी मशीन सुरू केली की त्यांचे डोळे मिटत, आणि चादरीवर पडलेला डावा पंजा उघडमीट करायला लागे. एक दिवस वीज गेली, मशीन बंद राहिली, आणि त्या दुपारी ह्यांनी माझं बोट इतकं घट्ट धरलं की मला सोडवून घ्यावं लागलं.

"आवाजाचा त्रास होत असेल त्यांना," लेक म्हणाली.

तसंही असेल. डोकं म्हणत होतं की आवाजच असणार. पण मला दिसत होतं ते वेगळंच. तिथून जे इथे येतं ते तिथून कमी होतं. माणसात उरला होता तेवढा जोर मी बॅगा शिवून संपवत होते, आणि वर त्याला अहो अहो करून लाडाने बोलावत होते. लिफ्टचे आभार मानणारी बाई मी, आणि इकडे घरातल्या घरात नवऱ्याला खर्ची घालत होते.

५

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेल्यावर मी स्क्रू निळ्या ठिपक्यावर आवळला. चांगला करकचून.

"अहो, ऐका," मी मोकळ्या जागेकडे बघून म्हणाले. "आजवर केलंत ते खूप केलंत. कसे उपकार फेडू सांगा. पण आता पुरे. तुम्ही आत जाऊन पडून राहायचं. मी एकटी बघते."

पट्टा लावला, पेडल दाबलं. फूटने चामडं धरलं. आणि पलीकडूनही ते धरलं गेलं.

म्हैस अडली. चामडं दोन्हीकडून ताणलं गेलं, त्याच्यातून बारीक करकर आवाज यायला लागला. मी पेडल सोडलं. मोटर थांबली. ताण थांबला नाही. आवाज न करता, घाई न करता, चामडं फूटच्या तावडीतून तसू तसू पलीकडे जात होतं, आणि त्याच्यावर दोन काळे वळ उमटत होते. ह्यांनी कधीच असं ओढलं नव्हतं. भांडणातसुद्धा नाही.

"अहो, नका ना!" मी ओरडले.

चामडं धपकन लोंबलं. तेवढ्यात आतून ह्यांचं घोरणं ऐकू आलं, शांत, संथ, एका लयीत. मला वाटलं, ऐकलं एकदाचं. गेले आत. जीव भांड्यात पडला. मग लोंबत्या चामड्याला तो बारीकसा हिसका बसला.

मी मशीनवर चादर टाकली आणि कारखाना बंद केला. गिऱ्हाइकांना सांगितलं, मशीन बिघडली आहे. बाहेरच्या खोलीत जाणं टाळायला लागले. पण पाणी भरायला त्याच खोलीतून जावं लागतं, आणि जाताना नजर जायचीच. मशीनवरची चादर पुढून जमिनीपर्यंत लोंबत होती. मागून ती लोंबायला हवी होती. मागून ती आडवी होती.

मी लेकीला काही बोलले नाही. तिने विचारलं असतं तर खिडकीतून वारा येतो म्हणाले असते. खिडकी बंद होती.

६

आणि हे सुधारले. याच्यासाठी कोणापुढे हात जोडायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, नवीन गोळ्या लागू पडल्या. व्यायामवाली बाई म्हणाली, काकांनी मनावर घेतलं. मी मनात म्हणत होते, मशीन बंद केली म्हणून. ज्याला त्याला मी मान डोलावली, सगळ्यांचेच आभार मानले, कारण गालावर मांस आलं होतं, घास गिळला जात होता, चेंडू दाबून चपटा होत होता. एका सकाळी ह्यांनी मला हाक मारली. शब्द अर्धाच होता, पण तो माझाच होता. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले, म्हणजे ऐकू जाऊ नये.

नंतर शब्द सुटे सुटे यायला लागले. पाणी. उशी. दिवा. आणि एका सुट्टीच्या दुपारी, लेक घरी असताना, "म्हैस."

"काय हवंय बाबा? मशीन बघायचीय?" लेकीने विचारलं.

हे मानेने हो म्हणाले. लेकीसमोर मी नाही कसं म्हणणार? लेकीने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत आणलं. मी भर उन्हात खिडकी उघडली आणि एका दमात चादर ओढली. खाली मशीनच होती. ह्यांनी डाव्या हाताने पलीकडची बाजू दाखवली.

"आई, त्यांना त्यांच्या जागेवर जायचंय!" लेक हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. तिने खुर्ची पलीकडे नेली, खिडकीकडे पाठ करून लावली. "हात ठेवू देत नुसता. तू एक शिवण घाल. बघ त्यांना किती बरं वाटेल." तिला फोन आला म्हणून ती आत गेली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांनी म्हशीच्या डोक्यावरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. वाकडा झालेला, दाढी वाढलेली, आणि सबंध जगात मला हवा असलेला तेवढा एकच. आता हे इथे आहेत, जागे आहेत, सगळेच्या सगळे खुर्चीत आहेत. आता दुसरीकडून काही यायचा प्रश्न नाही, असं मी स्वतःला सांगितलं. स्क्रू लाल ठिपक्यावर आणला. पट्टा लावला. चामडं कडेवरून पुढे गेलं, आडवंच.

ह्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला, थोडा डावीकडे. पुन्हा मागे घेतला. मग कपाळाला आठ्या पाडून ते आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायला लागले, खालून वरपर्यंत, उंच माणसाकडे बघावं तसं.

"काय झालं?" मी विचारलं.

"जागा," हे म्हणाले. "नाही."

"कसली जागा?"

"हात. ठेवायला." आणि मग, आजारपणानंतरचं पहिलं सबंध वाक्य, एकेक शब्द उचलून आणल्यासारखं: "यांना जरा सरकायला सांग."

पहिल्यांदा मला वाटला तो आनंद होता, हे मी शपथेवर सांगेन. म्हणजे ह्यांच्यातलं काही गेलंच नव्हतं. मी ह्यांना खर्ची घातलं नव्हतं. ते सगळे दिवस हे बिचारे पलंगावरच होते, पूर्णच्या पूर्ण, आणि आता माझ्यासमोर बसून बोलत होते. छातीवरचा धोंडा कोणीतरी दोन्ही हातांनी उचलून घ्यावा तसं झालं. तर मग मी इतके महिने 'अहो' म्हणत होते ते कोणाला? लेकीच्या पगाराचं सांगितलं ते कोणाला?

हे वाट बघत होते. त्यांच्या हाताला थकवा येत होता. घाबरून मी ओरडले असते तर तो हात खाली गेला असता, आणि परत कधी वर आला असता कोण जाणे. मी घसा साफ केला. परक्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलले.

"तुमची खूप मदत झाली," मी म्हणाले. "आता जरा सरकता का? आमचे हे आलेत."

चामड्याच्या टोकाच्या खळ्या भरून आल्या. ते बोटभर खाली आलं, आणि ह्यांनी त्याच्याखाली हात घातला. "हां," हे म्हणाले. समाधानाने.

मी बसते तो बाक लांब आहे. त्याचं दुसरं टोक कुरकुरलं आणि खाली गेलं, इतकं की माझं टोक किंचित वर आलं. मी मान वळवली नाही. समोर चामड्यावर माझे दोन हात होते, आणि त्यांच्या बाजूला, करंगळीला लागूनच, चामड्यात एकेक करून खळ्या उमटत होत्या. माझ्या दंडाला गारवा लागत होता.

ह्यांनी मान वर केली, माझ्या शेजारी बघितलं, आणि ओळखीच्या माणसाकडे बघून करतात तशी मान हलवली.

"चल," मला म्हणाले.

मी पेडल दाबलं.